साहेब येणार होते

४ जून

आज शपथ झाली. पाटबंधारे आणि आपत्ती निवारण ही खाती मिळाली. ती दुसऱ्या कुणाला नको होती असं मागाहून कानावर आलं, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. सगळी नोकरी फौजेच्या इंजिनिअरांत गेली. पूल बांधले, पूल उडवले, पाण्याला वाटा करून दिल्या. निवृत्त झालो तसं पक्षाने तिकीट दिलं, पहिल्याच झटक्यात निवडून आलो, आणि आता हे.

मुख्यमंत्र्यांनी बाजूला घेतलं. म्हणाले, "कर्नलसाहेब, तुमच्यासारखा माणूस खुर्चीवर दिसला की लोकांना धीर येतो."

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती.

"दिसला की, असं म्हणाले?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं. मुख्याध्यापिका होती, तेव्हापासून कौतुक हातचं राखूनच करते.

फौजेत रोज वही लिहायचो. त्यात हवामान, हजेरी आणि डिझेल. आता मंत्री झालो म्हणजे विचारबिचार लिहायला हवेत. बघू किती येतात.

१९ जून

दालन प्रशस्त आहे. टेबल एवढं रुंद की पलीकडच्या माणसाशी कानगोष्ट करायची तरी हाक मारावी लागेल. स्वीय सचिव मुरलेले आहेत, माझ्याआधी बरेच मंत्री त्यांच्या हाताखालून गेले. सतत लगबगीत असतात, अंग चोरून भिंतीच्या कडेने चालतात. मनातल्या मनात मी त्यांना मुंगळा म्हणतो. मुंगळा कधी 'नाही' म्हणत नाही. "होईल साहेब." "झालंच समजा साहेब." फौजेत असा माणूस मी दोन दिवस ठेवला नसता. इथे मात्र त्याच्यावाचून माझं पान हलत नाही.

दुपारी हवालदार आला. माझ्या कंपनीत होता. आता गावी शेती करतो, गावात त्याचा शब्द चालतो. पाय जुळवून उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. त्याचं गाव शहराच्या खालच्या अंगाला, नदीचा बांध आणि टेकडी यांच्यामधल्या खोलगट जागेत आहे. नदी हाताबाहेर गेली तर शहर वाचवायला बांध नेमका तिथेच फोडायचा, ही योजना फार जुनी आहे. गावालाही ती ठाऊक आहे. टेकडीवर जागा द्या म्हणून ते कधीचे अर्ज करताहेत.

"साहेब, वरची जागा आधी द्या," हवालदार म्हणाला. "मग बांध फोडा, नाहीतर आमच्या शेतात बोटी चालवा. आमचं काही म्हणणं नाही."

"बघतो."

"बघतो म्हणजे काय साहेब?"

हा पहिल्यापासून असाच. हुकूम नीट कळेपर्यंत जागचा हलायचा नाही. "मनावर घेतो," म्हटलं. मग गेला.

मुंगळ्याला फाइल विचारली. "आहे साहेब. पण ती खूप फिरलेली फाइल आहे, तिला आता बसायची सवय झालीय." दोघंही हसलो.

२१ ऑगस्ट

वरच्या धरणातून चार दिवस पाणी सुटतंय. नदी फुगली आहे.

सकाळी जिल्हाधिकारी बाई आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण नकाशा समोर पसरून बोलतात तेव्हा बरं वाटतं, कुणीतरी आपल्या भाषेत बोलतंय असं. त्यांचं म्हणणं, बांधाखालचं गाव आजच रिकामं करावं, लागलं तर पोलीस लावून. ट्रक त्यांनी आधीच उभे करून ठेवलेत. पण गाव हलायला तयार नाही. गेल्या वर्षी असंच घाईघाईत काढलं, पाणी काही आलं नाही, आणि मागे घरं फोडून चोरांनी भांडीकुंडी नेली.

"मी बोलतो त्यांच्याशी," म्हटलं.

शाळेच्या ओट्यावर उभा राहून बोललो. समोर सगळं गाव, चेहरे घट्ट मिटलेले. काहीही सांगितलं तरी आत शिरत नव्हतं. मग मी कागद खिशात घातला आणि म्हणालो, "बांध फोडायची वेळ आलीच, तर मी स्वतः इथे येईन. मी येईपर्यंत बांधाला कुणी हात लावणार नाही. मी आलो की निघायचं. तोवर आपापल्या घरी राहा."

टाळ्या पडल्या. हवालदार पुढे आला. "साहेब, नक्की येणार?"

"मी कधी शब्द मोडलाय?"

"नाही साहेब." मग तो लोकांकडे वळला. "ऐकलंत ना? साहेब आल्याशिवाय हलायचं नाही. साहेब आले की मागे वळून बघायचं नाही."

नंतर त्याच्या घरी चहा झाला. बायको मोठ्या आवाजाची, हसरी. म्हणाली, "हे फौजेतून आले साहेब, पण फौज काही यांच्यातून गेली नाही. घरात मीठ संपलं सांगायचं तरी मला सावधान उभं राहावं लागतं." कोपऱ्यात खाटेवर त्याची म्हातारी आई होती. तिला ऐकू कमी येतं, पण सून हसली की तीही हसत होती.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "सर, तो शब्द द्यायला नको होता. आज निघाले असते."

मी समजावलं, माणसं काठीने हलत नाहीत, विश्वासाने हलतात. पुस्तकात नसतं हे. सभा चांगली झाली आज. बऱ्याच दिवसांनी आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत असं वाटलं.

२४ ऑगस्ट

बांध फोडला. शहर वाचलं.

दुपारी पाणी मोठ्या पुलाच्या कमानींना लागलं. मुख्यमंत्र्यांनी नियंत्रण कक्षात बोलावून घेतलं. गेलो तर कॅमेरे आधीच लागलेले होते. निर्णय मी घेतला. तांत्रिकदृष्ट्या त्यात तिळभरही चूक नाही, अजून तासभर थांबलो असतो तर बाजारपेठ आणि सरकारी दवाखाना गेला असता. गाव रिकामं झाल्याचं मला सांगण्यात आलं, त्यानंतरच हुकूम दिला. गावाकडे जायचं होतं पण वेळच उरला नाही. फोनच्या लाइनी बंद होत्या.

एक बाई गेल्याचं कळतंय. कोण ते अजून समजलं नाही.

२५ ऑगस्ट

हवालदाराची बायको.

गाव गेलं नव्हतं. बोचकी बांधून तयार होतं. ट्रक रस्त्यावर उभे होते, आणि हवालदार वळणावर उभा राहून माझ्या गाडीची वाट बघत होता. तिकडे बांध उडाल्याचा आवाज झाला तशी जी पळू शकत होती ती माणसं टेकडीकडे पळाली. त्याच्या बायकोने सासूला शिडीवरून माळ्यावर चढवलं. मग दाव्याची गुरं सोडायला खाली उतरली. म्हातारीला आज सकाळी होडीतून काढलं. सून गोठ्यात सापडली.

मी कॅमेऱ्यासमोर 'गाव पूर्ण रिकामं झालं आहे' असं म्हणालो, तेव्हा गाव गावातच होतं.

मुंगळ्याला बोलावलं. "तुम्ही गाव रिकामं झालं म्हणाला होतात."

"मी 'रिकामंच समजा' म्हणालो होतो साहेब."

त्याचा आवाज जराही चढला नाही. खरं आहे, असंच म्हणाला होता. ऐकताना मला फरक कळला नाही. निदान कळला नाही असं वाटतंय.

रेडिओवर माझं कौतुक चाललं होतं, तो हिने बंद केला.

२७ ऑगस्ट

गावाला कॉलेजच्या सभागृहात ठेवलंय. गेलो. सोबत फोटोवाले होतेच, त्यांना टाळता येत नाही. हवालदार बाकापाशी उभा होता. दाढी केलेली, शर्ट कुणाचा तरी मागून घेतलेला, खांद्यात सैल.

"फार वाईट झालं," मी म्हणालो.

"होय साहेब."

"काही लागलं तर सांग."

"सांगेन साहेब."

म्हातारी बाकावर पाय वर घेऊन बसली होती. माझ्याकडे बघत तिने लेकाला विचारलं, "हे कोण?"

"साहेब आहेत, आई."

"येणार होते, ते?"

"हो."

"मग आले का नाहीत?"

ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा होता, सगळ्या सभागृहाने ऐकलं. हवालदार तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आता आलेत."

मी बुटांकडे बघत राहिलो. उद्याच्या पेपरात तोच फोटो येईल, मान खाली घातलेला, आणि खाली लिहितील की मंत्र्यांना गहिवरून आलं.

३० ऑगस्ट

विरोधकांनी लावून धरलं होतं की मंत्र्याने येतो म्हणून लोकांना थांबवून ठेवलं. आज एका बातमीवाल्याने थेट हवालदारालाच गाठलं. मी दालनात बसून बघत होतो. हवालदार कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाला, "साहेबांचा निरोप आला होता. आम्हीच आवरायला उशीर केला."

असा कुठलाही निरोप गेला नव्हता.

मला पहिल्यांदा वाटली ती सुटका. ते इथे लिहून ठेवतो. लाज त्याच्यानंतर आली.

अशी माणसं आता घडत नाहीत. घरचं माणूस गेलं तरी आपल्या साहेबावर आच येऊ दिली नाही. फौजेत माणसाच्या हाडात काय मुरतं ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही.

मुख्यमंत्र्यांचा फोन आला. "तुमचा माणूस पक्का निघाला. त्या गावाचं काय रखडलंय ते मोकळं करून टाका." निवृत्त न्यायाधीशांचा चौकशी आयोग नेमायचं ठरलंय. "नुसता दाखवायला," म्हणाले.

६ सप्टेंबर

जिल्हाधिकारी बाईंची बदली झाली. आदेशात लिहिलंय, गाव वेळेत रिकामं करण्यात कसूर. निरोप घ्यायला आल्या. चहा मागवला, त्यांनी घेतला नाही.

"सर, एकच विचारायचं होतं. ट्रक तीन दिवस उभे होते आणि लोक तुमच्यासाठी थांबले होते, हे तुम्ही वर कुणाला सांगितलंत का?"

"योग्य वेळी सांगेन."

"ठीक आहे," म्हणाल्या. रागावल्यासारख्या दिसल्या नाहीत. उठताना खुर्ची नीट सरकवून ठेवली.

त्या गेल्यावर मुख्यमंत्र्यांना फोन करता आला असता. फोन हाताशीच होता. पण पुढची बैठक सुरू झाली, मग जेवण आलं. भूक लागली होती, जेवलो.

१५ सप्टेंबर

ही न सांगता बसने जाऊन आली. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, "कॉलेजात. त्या आजींना न्हाऊमाखू घालून आले. केसांत चिखल वाळून दगड झाला होता. सून गेल्यापासून कुणाला हात लावू देत नव्हत्या."

"हवालदार भेटला?"

"भेटला. चांगला बोलला माझ्याशी."

"माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"तुमचा विषयच निघाला नाही."

चार दिवसांपासून ही लेकीच्या खोलीत झोपते. लेक लग्न होऊन गेल्यापासून ती खोली रिकामीच आहे. म्हणते, तुम्ही हल्ली फार घोरता. मी लग्नाच्या आधीपासून घोरतो.

३ ऑक्टोबर

राजीनामा लिहून खिशात घातला. मुख्यमंत्र्यांकडे जाण्याआधी हवालदाराला सांगावं असं वाटलं. त्याच्या तोंडून एखादा शब्द ऐकावा असंही वाटत असणार.

लोक गावात परतलेत, पाणी ओसरलंय. तो घरातला गाळ उपसत होता. मला बघून त्याने फावडं भिंतीला टेकवलं आणि सरळ उभा राहिला.

"मी राजीनामा देतोय. खरं काय झालं ते सांगून टाकणार आहे."

"कधी?"

"उद्या."

"उद्या नको साहेब."

मला वाटलं, माझी काळजी वाटतेय त्याला. म्हटलं, माझं काय व्हायचं ते होईल.

"तुमचं होईलच साहेब. आमचं काय?" तो म्हणाला. "तुम्ही गेलात की त्या खुर्चीवर दुसरा बसणार. फाइल पुन्हा पहिल्या पायरीपासून. पुढच्या पावसाळ्यात गाव इथेच, बांधही इथेच. राजीनामा दिला की तुम्ही मोकळे. आम्ही कुठे मोकळे?"

"मग काय करू?"

"जमीन करून द्या. सगळ्यांच्या नावावर, कागदोपत्री. मग काय बोलायचं ते बोला."

निघता निघता विचारलं, "तू माझ्यासाठी खोटं का बोललास?"

"तुमच्यासाठी?" एवढंच म्हणाला. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि फावडं उचललं.

संकोचला असावा. आपल्या मोठेपणाबद्दल त्याला बोलता येत नाही.

राजीनामा गाडीतच फाडला. परतीच्या वाटेवर झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

१२ डिसेंबर

झालं. टेकडीवरची जागा गावाच्या नावावर झाली.

गेले दोन महिने दुसरं काही केलं नाही. वित्त खात्याच्या बाहेर बाकावर बसून राहिलो, मंत्री असून. महसूलवाले म्हणायचे जागा वनखात्याची, वनखातं म्हणायचं आमची कधीच नव्हती. शेवटी मुंगळाच कामाला आला. कुठल्या टेबलावर कोण कधी चहाला उठतो ते त्याला पाठ आहे, फाइल घेऊन तो बरोबर त्याच्या आधी पोचायचा.

आज कागद वाटले. हवालदाराने आपला कागद उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि खिशावर हात दाबला. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन टेकडी चढला आणि तिला आपला तुकडा दाखवला.

छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मुख्यमंत्री म्हणाले, पुढच्या फेरबदलात गृहखात्याचा विचार करतोय. "लोकांना तुमच्याबद्दल आपुलकी वाटायला लागलीय."

हिला सांगितलं. ही म्हणाली, "जमीन झाली ना? मग आता बोलणार ना तुम्ही?"

"आयोगापुढे बोलायचंच आहे," म्हटलं.

२० जानेवारी

परवा साक्ष. आधी हवालदाराची, मग माझी. सरकारी वकिलांबरोबर तयारी केली.

मी बराच विचार केला. गावाला जागा मिळाली. हवालदाराने जगजाहीर सांगितलंय की निरोप आला होता, आणि तेच तो आयोगापुढे सांगणार. आता मी उठून वेगळं सांगितलं तर तो खोटा पडेल. ज्याने एवढं केलं त्याला मी चारचौघांत खोटं पाडायचं? हे मला शोभत नाही. वकिलांना हा मुद्दा फार आवडला. बाईंच्या बदलीचं नंतर बघता येईल. गृहखातं हातात असलं तर सोपंही जाईल.

तर उत्तर असं: निरोप पाठवला होता, तो पोचायला उशीर झाला, याची खंत मला जन्मभर राहील. यातलं शेवटचं तर खरंच आहे.

आरशासमोर उभा राहून दोनचार वेळा म्हणून पाहिलं. ही वाळलेले कपडे घेऊन मागून चालली होती. दारात थांबली. मग गेली.

२२ जानेवारी

जे झालं ते झालं तसं लिहितो.

जुन्या कचेरीच्या वरच्या मजल्यावरची खोली. लाकडी जमीन, कुणी चाललं की करकरते. न्यायाधीश वयस्कर, मऊ बोलणारे. हवालदार पांढरा स्वच्छ शर्ट घालून आला होता. त्याने शपथ घेतली.

"तुम्ही बातमीदाराला सांगितलंत की मंत्र्यांचा निरोप आला होता," न्यायाधीश म्हणाले.

"सांगितलं होतं. खोटं होतं ते."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी हवालदाराकडे.

"तेव्हा खोटं का सांगितलंत?"

"तेव्हा जमीन हातात नव्हती."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "मग खरं काय ते सांगा."

"साहेब स्वतः येणार होते. शाळेच्या ओट्यावरून तसा शब्द दिला होता. कलेक्टर बाई दोन दिवस, निघा, निघा म्हणून पाया पडायच्या बाकी होत्या. ट्रक उभे होते. लोक निघतही होते. मीच अडवलं. साहेब येतो म्हणालेत म्हणजे येतील, असं मीच सांगितलं सगळ्यांना. बायको म्हणाली, आईला तरी आधी पाठवू. तिलाही मीच म्हटलं, थांब." त्याने हाताने कठडा धरला. "पाणी बांधाच्या काठोकाठ दिसलं तसा साहेबांना फोन लावला. वाजला. मग कापला."

"लाइनी बंद होत्या असं सरकारचं म्हणणं आहे."

"बंद असती तर वाजला नसता साहेब."

या वहीत चोवीस ऑगस्टला मी लिहिलंय की लाइनी बंद होत्या. ही वही कुणी वाचत नाही. तरी लिहिलं.

फोन वाजला होता. एक माणूस माझ्या कॉलरला माइक लावत होता, एक मुलगी कपाळावरचा घाम टिपत होती. मुख्यमंत्री शेजारी उभे होते. फोनवर हवालदाराचं नाव दिसलं आणि तो का करतोय ते मला त्याच क्षणी कळलं. मी येणार होतो हे त्या क्षणी मला स्वच्छ आठवत होतं. मनात आलं, हवालदार समजून घेईल. आणि कापला. मग मुंगळ्याला विचारलं, गाव रिकामं झालं ना? त्याने जे सांगितलं ते मला ऐकायचंच होतं.

माझं नाव पुकारलं. कठड्यात उभा राहिलो. वकील मागून हळू म्हणाले, "आठवत नाही म्हणा."

न्यायाधीशांनी विचारलं, "आत्ताच्या साक्षीदाराने सांगितलं ते खरं आहे?"

हवालदार पहिल्या बाकावर, हात मांडीवर ठेवून बसला होता. माझ्याकडे बघत होता.

"खरं आहे," म्हणालो. "फोन मी कापला. निरोप पाठवला नव्हता. गाव आधीच हलवा असं कलेक्टर बाईंनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांची काही चूक नाही."

खाली उतरलो तेव्हा खोली रिकामी व्हायला लागली होती. जिन्यावर हवालदाराला गाठलं. म्हटलं, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही तयारी केली असती," तो म्हणाला आणि उतरून गेला.

२४ जानेवारी

राजीनामा दिला. मुख्यमंत्र्यांनी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि लगेच घेतला. मुंगळा दारापर्यंत आला, माझी छत्री हातात दिली, आणि नवीन साहेब कधी येणार हे तिथेच फोनवर विचारू लागला.

पेपरांनी डोक्यावर घेतलंय. फौजी बाणा. सत्तेपेक्षा सत्य मोठं. असे राजकारणी हवेत. सकाळी दूध आणायला गेलो तर एका अनोळखी माणसाने हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. मी हात सोडवून घेतला नाही.

न्याहारीला बसलो. ही समोर. पेपर बाजूला सारून म्हणाली, "त्याने आधी सांगितलं नसतं, तर तुम्ही काय सांगणार होतात?"

"ऐकलंस ना तू, त्या दिवशी. आरशासमोर."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

सांगितलं. निरोप पाठवला होता, पोचायला उशीर झाला, खंत राहील. हिच्यासमोर शेवटपर्यंत म्हटलं.

हिने चहाचा कप पुढे सरकवला. "हे पेपरवाल्यांना माहीत नाही."

"नाही."

"आणि त्याला?"

९ फेब्रुवारी

मध्ये काही लिहिलं नाही. कलेक्टर बाईंच्या नोंदीतला शेरा आयोगाने काढायला लावला. बदली मात्र कायम राहिली. त्यांना फोन केला होता. माझं सगळं ऐकून घेतलं, "ठीक आहे सर," म्हणाल्या.

आज बसने टेकडीवर गेलो. घरांचे पाये घातलेत, काहींच्या भिंती छातीपर्यंत आल्यात. हवालदार आपल्या घराच्या पायावर बादलीने पाणी मारत होता. म्हातारी उन्हात खाटेवर झोपली होती.

मला बघून तो सरळ उभा राहिला नाही. बादली रिकामी केली, मग वर पाहिलं.

"एक सांगायचं राहिलंय," मी म्हणालो. "मी त्या दिवशी खोटं सांगणार होतो. निरोप पाठवला होता असं. तू आधी बोललास म्हणून मी खरं बोललो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर अर्ज करून माझा नंबर आधी लावून घेतला."

त्याने दुसरी बादली उचलली. तिसरी मी उचलली, त्याने नको म्हटलं नाही. दोघांनी मिळून उरलेल्या पायावर पाणी मारलं. मग सावलीला बसलो, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून.

"तिची माफी मागायला मला जागा नाही," म्हणालो.

"मलाही नाही साहेब." तो हातावरचं सिमेंट नखाने खरवडत होता. "आईला तरी आधी पाठवू म्हणाली होती. तुमच्यावरचा राग रोज येतो. पण थांब मीच म्हणालो होतो."

हे मला इतक्या महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. माझ्यामुळे त्याची बायको गेली एवढंच मी मोजत होतो. तिला थांबवायला त्याचा हात वापरला, ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"तुझा दोष नाही," म्हणालो. "तू माझ्या शब्दावर थांबलास."

"हो," तो म्हणाला. "तेच म्हणतोय."

म्हातारी जागी झाली. तिला पाणी हवं होतं. तो उठला, तिला उशीला टेकवून बसवलं, तांब्या तोंडाला लावला. बस यायची वेळ झाली होती. मीही उठलो.

"पुन्हा आलो तर चालेल का?"

त्याने आईचं तोंड पुसलं, तांब्या खाली ठेवला.

"यायचं तर या," म्हणाला. "फक्त येतो म्हणून सांगू नका."

निघताना सवयीने तोंडात तोच शब्द आला होता. सगळेच म्हणतात, जाताना कुणी जातो म्हणत नाही. तो गिळला, म्हातारीला हात जोडले आणि टेकडी उतरलो.